केंद्रकीय व मूलकण भौतिकीची ऑनलाइन दृश्य व्याख्याने : पदवीस्तरीय अध्यापनाच्या दृष्टीने एक चिकित्सक अभ्यास

सहायक प्राध्यापक, भौतिकशास्त्र विभाग, मालेगाव, जि. वाशीम

सारांश

केंद्रकीय व मूलकण भौतिकी हा विज्ञान शाखेच्या पदवी अभ्यासक्रमातील शेवटच्या टप्प्यावर येणारा व प्रयोगशाळेचा आधार सर्वात कमी मिळणारा विषय होय. त्यामुळे ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापक व विद्यार्थी आंतरजालावरील दृश्य व्याख्यानांकडे वळताना दिसतात. अशी व्याख्याने विपुल आहेत. परंतु विपुलता म्हणजे उपयुक्तता नव्हे. प्रस्तुत लेखात भारतीय व परदेशी अशा निवडक व्याख्यानमालांची आशय, क्रम, पूर्वज्ञान, प्रयोगदृष्टी, कालसुसंगती व भाषा या निकषांवर चिकित्सा केली असून कोणतीही एक माला आपल्या वर्गाची गरज पूर्ण करीत नाही, अध्यापकाने निवड, क्रम व पूरक आशय यांची जबाबदारी घेतल्यासच या साधनांचे मोल प्रकट होते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : केंद्रकीय भौतिकी, मूलकण, दृश्य व्याख्यान, एनपीटीईएल, स्वयं, मराठी परिभाषा.

प्रस्तावना

दृश्य माध्यमातून उच्च शिक्षण ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम सुरू केला होता. २६ जानेवारी २००० रोजी ज्ञानदर्शन वाहिनी सुरू झाली, तर २० सप्टेंबर २००४ रोजी एज्युसॅट हा शिक्षणासाठीचा उपग्रह अवकाशात गेला. २००३ मध्ये सात भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी एकत्र येऊन एनपीटीईएल हा प्रकल्प हाती घेतला आणि जुलै २०१७ मध्ये 'स्वयं' हे राष्ट्रीय व्यासपीठ व 'स्वयंप्रभा' या ३२ वाहिन्या सुरू झाल्या. थोडक्यात, गेल्या चार दशकांत प्रश्न साधनांच्या अभावाकडून साधनांच्या निवडीकडे सरकला आहे.

मालेगावसारख्या तालुक्याच्या गावी हा बदल विशेष जाणवतो. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेला वाशीम जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झाला. येथील विद्यार्थ्यांच्या हाती आज भ्रमणध्वनी आहे. परंतु त्याने आयुष्यात कधी गायगर गणित्राचा आवाज ऐकलेला नसतो. स्थायूंची विद्युतवाहकता प्रयोगशाळेत मोजता येते, प्रकाशाचे विवर्तन पाहता येते. केंद्रक मात्र फळ्यावरील वर्तुळ बनून राहते. ही उणीव चलचित्राने भरून निघेल अशी आशा वाटणे स्वाभाविक आहे. ती कितपत सार्थ आहे याची तपासणी करणे हे या लेखाचे प्रयोजन होय.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

१) पदवीस्तरीय केंद्रकीय व मूलकण भौतिकीसाठी उपलब्ध असलेल्या प्रमुख व्याख्यानमालांचे स्वरूप समजून घेणे. २) आपल्या अभ्यासक्रमाशी त्यांचा मेळ किती बसतो हे पाहणे. ३) मराठी माध्यमातून शालेय शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे. ४) अध्यापकांसाठी निवडीची व वापराची दिशा सुचविणे.

परीक्षेपुरती उत्तरे पाठ करवून घेणाऱ्या अल्पावधीच्या चित्रफिती या अभ्यासाच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. शोधयंत्रावर विषयाचे नाव टाकले असता प्रथम त्याच समोर येतात, ही वस्तुस्थिती मात्र येथे नोंदविणे आवश्यक आहे. शोधयंत्राची क्रमवारी ही लोकप्रियतेची असते, गुणवत्तेची नव्हे. ग्रंथालयात पुस्तक शोधताना ग्रंथपाल, संदर्भसूची व ज्येष्ठ प्राध्यापक यांचे मार्गदर्शन मिळते. चलचित्र शोधताना विद्यार्थी एकटा असतो. म्हणूनच येथे समीक्षेची गरज निर्माण होते.

मूल्यमापनाची मोजपट्टी

मोजपट्टी म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये निवडाधारित श्रेयांक पद्धतीसाठी दिलेल्या नमुना अभ्यासक्रमातील 'न्यूक्लिअर अँड पार्टिकल फिजिक्स' ही ऐच्छिक अभ्यासपत्रिका घेतली आहे. तीत एकूण ७५ तासिका असून त्यांची वाटणी पुढीलप्रमाणे आहे : केंद्रकाचे सामान्य गुणधर्म १०, केंद्रकीय प्रारूपे १२, किरणोत्सारी ऱ्हास १०, केंद्रकीय अभिक्रिया ८, प्रारणांची द्रव्याशी आंतरक्रिया ८, डिटेक्टर ८, कणत्वरक ५ आणि मूलकण भौतिकी १४. विद्यापीठागणिक तपशील बदलत असला तरी घटकांचे सापेक्ष वजन समजण्यास ही वाटणी पुरेशी आहे.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, मूलकण भौतिकीला एकूण तासिकांच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वाटा आहे व तोही शेवटी. सत्राच्या अखेरीस, परीक्षेची घाई असताना, हा भाग शिकविला जातो किंवा शिकविल्याचे समाधान मानले जाते. दुसरी, प्रारणांची आंतरक्रिया, डिटेक्टर व त्वरक या तीन घटकांना मिळून २१ तासिका आहेत. म्हणजे हा विषय जितका सिद्धान्ताचा तितकाच उपकरणांचा आहे. चांगली व्याख्यानमाला कोणती हे ठरविताना या दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात.

प्रमुख व्याख्यानमालांची चिकित्सा

अ) एनपीटीईएल : प्रा. एच. सी. वर्मा. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील तत्कालीन प्रा. वर्मा यांची 'न्यूक्लिअर फिजिक्स : फंडामेंटल्स अँड अॅप्लिकेशन्स' ही माला आपल्या अध्यापकांना सर्वाधिक परिचित आहे. 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स' या पुस्तकामुळे लेखकाचे नाव विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. केंद्रकाचा आकार, अर्धानुभविक वस्तुमान सूत्र, ड्यूटेरॉन, न्यूक्लिऑनांचे प्रकीर्णन, कवच प्रारूप, अल्फा, बीटा व गॅमा ऱ्हास, विखंडन, संमीलन व उपयोजने असा तिचा विस्तार आहे. भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमालाही तीत स्थान आहे. परदेशी मालांत ही अपेक्षा करता येत नाही.

या मालेचे खरे बळ सूत्राला प्रश्न विचारण्यात आहे. अर्धानुभविक वस्तुमान सूत्र आपण बहुधा पाच पदांची यादी म्हणून शिकवितो : आकारमान, पृष्ठभाग, कूलोम, असममिती व युग्मन. प्रा. वर्मा त्याच सूत्राला गुरुत्वाकर्षणाची जोड देऊन न्यूट्रॉन तारा कसा बांधला जातो या प्रश्नाकडे नेतात. केवळ न्यूट्रॉनांचे केंद्रक स्थिर राहू शकत नाही, कारण असममितीचे पद आकारमानाच्या पदावर मात करते. परंतु न्यूट्रॉनांची संख्या १ वर ५५ शून्ये या प्रतीची झाली की गुरुत्वीय ऊर्जा ती तूट भरून काढते. प्रयोगशाळेतील केंद्रकांवरून बसविलेले सूत्र काही किलोमीटर त्रिज्येच्या ताऱ्याविषयी बोलू लागते. सूत्र म्हणजे पाठांतराची ओळ नसून विचारांचे साधन आहे, हे यातून विद्यार्थ्यास उमगते. मालेची मर्यादा तिच्या नावातच आहे. ती केंद्रकीय भौतिकीची आहे, मूलकणांचा घटक तिच्या मुख्य कक्षेत येत नाही. शिवाय न्यूक्लिऑन प्रकीर्णनासारख्या भागांत पुंजयामिकीची जी तयारी गृहीत धरली आहे ती आपल्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याकडे असतेच असे नाही.

आ) एनपीटीईएल : प्रा. पी. पौलोस. गुवाहाटी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. पौलोस यांच्या 'न्यूक्लिअर अँड पार्टिकल फिजिक्स' या मालेत नावाप्रमाणेच दोन्ही अंगांचा विचार आहे. आपल्या अभ्यासपत्रिकेच्या शीर्षकाशी थेट जुळणारी म्हणून तिचे महत्त्व अधिक. वर्मा यांच्या मालेत जो घटक नाही तो येथून घेता येतो. या दोन्ही मालांची एक समान अडचण म्हणजे व्याख्यानाची लांबी. तासाभराच्या सलग व्याख्यानाची रचना प्रत्यक्ष वर्गातील तासिकेवरून घेतलेली आहे; परंतु वर्गात अध्यापक विद्यार्थ्यांचे चेहरे पाहून थांबतो, पडद्यावरील अध्यापकास तशी सोय नाही.

इ) मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्था : प्रा. मार्कुस क्लूटे. '८.७०१' या क्रमांकाची ही माला २०२० च्या उत्तरार्धातील सत्रात, महासाथीच्या काळात ध्वनिचित्रमुद्रित झाली. त्यामुळे ती लहान लहान चित्रफितींत विभागलेली आहे. लांबीच्या दृष्टीने ही रचना भारतीय मालांहून अधिक सोयीची आहे. परंतु खरा फरक क्रमाचा आहे. येथे आरंभच मूलकण व त्यांच्या आंतरक्रियांपासून होतो. त्यानंतर सममिती, फाइनमन आकृत्यांचे गणित, विद्युतचुंबकीय, प्रबल व क्षीण आंतरक्रिया, हिग्ज, न्यूट्रिनो असा प्रवास करून केंद्रकीय भौतिकी व उपकरणे शेवटी येतात. आपला अभ्यासक्रम इतिहासाच्या क्रमाने चालतो, हा तर्काच्या क्रमाने. या भेदाचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

ई) त्याच संस्थेचे प्रा. मायकल शॉर्ट. अणुअभियांत्रिकी विभागाची '२२.०१' ही २०१६ मधील माला भौतिकशास्त्राच्या अध्यापकांच्या नजरेतून बहुधा निसटते, कारण तिच्या नावात अभियांत्रिकी आहे. वस्तुतः प्रारणांची द्रव्याशी आंतरक्रिया, प्रारणमात्रा व तिचे परिणाम या घटकांसाठी ती अतिशय उपयुक्त आहे. फळ्यावर शिकविणे, वर्गाशी संवाद, चेर्नोबिल दुर्घटनेचे भौतिकीय विश्लेषण व अन्नपदार्थांचे प्रारण-संस्करण यांमुळे विषय दैनंदिन जीवनाशी जोडला जातो. या संस्थेच्या मुक्त अभ्यास साहित्याचा परवाना अव्यापारी वापरास व रूपांतरास मुभा देतो, ही बाब मराठी उपशीर्षके तयार करू इच्छिणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

उ) स्टॅनफर्ड : प्रा. लेनर्ड ससकिंड. २००९-१० मधील 'न्यू रेव्होल्युशन्स इन पार्टिकल फिजिक्स' ही तीन भागांची माला नियमित पदवी विद्यार्थ्यांसाठी नसून निरंतर शिक्षण कार्यक्रमातील प्रौढ श्रोत्यांसाठी होती. तरीही ती लोकरंजनाच्या पातळीवर उतरत नाही. क्षेत्र, पुंज व सममिती यांची मांडणी समीकरणांसह केली जाते. ती अध्यापकाने स्वतःसाठी पाहावी, विद्यार्थ्यांना सरसकट सुचवू नये असे वाटते. दीड-दोन तासांची व्याख्याने, मुक्त चर्चा व विषयांतरे यांत नवशिक्याची वाट चुकते. तसेच ती ४ जुलै २०१२ रोजीच्या हिग्ज बोसॉनच्या घोषणेपूर्वीची आहे, हे सांगूनच ती दाखविली पाहिजे.

ऊ) सर्नची ग्रीष्मकालीन व्याख्याने. जिनिव्हाजवळील या संशोधन केंद्रात दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांसाठी व्याख्याने होतात व त्यांची मुद्रणे सर्वांना खुली असतात. डिटेक्टर व त्वरक यांविषयी, ती उपकरणे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून ऐकणे हा वेगळाच अनुभव होय. जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य असल्याने आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीनेही त्यांना महत्त्व आहे. मात्र ही व्याख्याने वेगवान व सरकपट्ट्यांवर आधारलेली असतात. फळ्यावर सूत्र उलगडत जाण्याची क्रिया तेथे क्वचित घडते.

क्रमाचा प्रश्न : केंद्रकाकडून मूलकणाकडे की उलट?

क्लूटे यांचा क्रम तर्कदृष्ट्या आकर्षक आहे. निसर्गाचे मूळ घटक आधी सांगावेत आणि केंद्रक हा त्यांचाच एक गुंतागुंतीचा परिणाम म्हणून शेवटी यावा, यात सौंदर्य आहे. परंतु तो क्रम सापेक्षतावादी गतिशास्त्र व पुंजयामिकी यांच्या भक्कम पायावर उभा आहे. तो पाया नसलेल्या वर्गात फाइनमन आकृती ही केवळ नक्षी ठरते. उलटपक्षी आपल्या प्रचलित क्रमाचाही दोष आहे. केंद्रकाच्या प्रारूपांत सत्र संपते आणि मूलकण भौतिकी म्हणजे नावांची जंत्री होऊन बसते : लेप्टॉन इतके, क्वार्क इतके, स्ट्रेंजनेस म्हणजे अमुक. विद्यार्थी तक्ता पाठ करतो, पण हे कण मानावे का लागले हा प्रश्न त्याच्या मनात उद्भवतच नाही.

या दोहोंमध्ये बीटा ऱ्हास हा सेतू होऊ शकतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बीटा कणांचा ऊर्जा-वर्णपट सलग का, या केंद्रकीय भौतिकीतील कोड्यातून पाउली यांनी १९३० मध्ये एका अदृश्य कणाची कल्पना मांडली. फर्मी यांनी १९३४ मध्ये तिला सिद्धान्ताचे रूप दिले. ली व यांग यांनी १९५६ मध्ये क्षीण आंतरक्रियेत पॅरिटी अक्षय्य राहते काय असा प्रश्न केला आणि वू यांच्या कोबाल्ट-६० वरील प्रयोगाने १९५७ मध्ये त्याचे नकारात्मक उत्तर जगापुढे आले. १९९८ मध्ये जपानमधील सुपर-कामिओकांडे प्रयोगाने न्यूट्रिनोंच्या आंदोलनाचा पुरावा दिला. म्हणजेच त्यांना वस्तुमान आहे हे दिसून आले. सुमारे सात दशकांची ही कथा एकाच प्रक्रियेभोवती फिरते आणि विद्यार्थ्यास केंद्रकातून अलगद मूलकणांच्या जगात नेते. वर्मा यांचे बीटा ऱ्हासावरील व्याख्यान, त्यानंतर पौलोस यांचा मूलकणांचा भाग व शेवटी क्लूटे यांच्या न्यूट्रिनोंवरील लहान चित्रफिती असा क्रम लावल्यास हा सेतू प्रत्यक्षात उभा राहतो. एकाही मालेने तो आयता दिलेला नाही, तो अध्यापकानेच बांधावयाचा आहे.

या कथेत आपलाही एक दुवा आहे. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर टाटा मूलभूत संशोधन संस्था व जपानी-ब्रिटिश सहकाऱ्यांनी वातावरणीय न्यूट्रिनोंच्या आंतरक्रिया नोंदविल्या. त्या जगातील आद्य नोंदींपैकी होत. परदेशी मालेवर विसंबणाऱ्या विद्यार्थ्यास ही भौतिकी दूरदेशीची वाटते. तशी ती नाही, हे सांगणारा आवाज वर्गातच असावा लागतो.

कालसुसंगती व अचूकता

पुस्तकाच्या पहिल्या पानावर वर्ष छापलेले असते. चलचित्र कधी मुद्रित झाले हे मात्र अनेकदा शोधून काढावे लागते, कारण आंतरजालावर चढविल्याची तारीख व मुद्रणाची तारीख वेगळी असू शकते. याचे परिणाम आशयावर होतात. न्यूट्रिनोचे वस्तुमान शून्य असते हे विधान जुन्या पाठ्यपुस्तकांतून चित्रफितींत उतरले आहे. दुसरे उदाहरण हिग्ज बोसॉनचे. सर्व वस्तुमान हिग्ज क्षेत्रामुळे प्राप्त होते असे सर्रास सांगितले जाते. प्रोटॉनमधील दोन अप व एक डाउन क्वार्क यांच्या वस्तुमानांची बेरीज सुमारे ९ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते, तर प्रोटॉनचे वस्तुमान ९३८ आहे. म्हणजे जेमतेम एक टक्का. उर्वरित भाग प्रबल आंतरक्रियेच्या ऊर्जेतून येतो. ही साधी बेरीज विद्यार्थ्याकडून फळ्यावर करवून घेतली तर आकर्षक सचित्र चलचित्रातील चूक तो स्वतः दाखवू शकतो. चुकीची चित्रफीतही अशा रीतीने अध्यापनाचे साधन ठरते.

भाषा व परिभाषा

आपल्या विद्यार्थ्याची अडचण केवळ इंग्रजीची नाही. शालेय पाठ्यपुस्तकात त्याने 'केंद्रक' हा शब्द वाचलेला असतो, मराठी विश्वकोशात 'अणुकेंद्र' आढळतो, वृत्तपत्रांत 'अणुगर्भ' येतो. हिंदी चित्रफीत लावली तर 'नाभिक' कानी पडतो आणि महाविद्यालयात 'न्यूक्लिअस'. आपण 'किरणोत्सार' म्हणतो तेथे हिंदी व्याख्याता 'रेडियोधर्मिता' म्हणतो. एकाच संकल्पनेची इतकी नावे एकत्र आल्यावर ती एकच आहे, हे सांगणारा कोणी नसेल तर गोंधळ अटळ होय. एनपीटीईएलने व्याख्यानांचे लिखित पाठ मराठीसह प्रादेशिक भाषांत भाषांतरित करून देण्याचा उपक्रम चालविला आहे, तो स्वागतार्ह आहे. परंतु लिखित पाठ भाषांतरित झाला तरी फळ्यावरील आकृती व चिन्हे इंग्रजीतच राहतात. म्हणून प्रत्येक व्याख्यानापूर्वी दहा-बारा संज्ञांचा द्विभाषिक तक्ता विद्यार्थ्यांच्या हाती देणे हा अल्प श्रमाचा व मोठ्या लाभाचा उपाय ठरतो.

वर्गातील अनुभव

या ठिकाणी स्वतःची एक चूक नमूद करणे उचित होईल. आरंभीच्या काळात प्रस्तुत लेखकाने वस्तुमान सूत्रावरील एक तासाचे व्याख्यान प्रक्षेपकावर सलग दाखविले. वर्ग शांत होता, वह्या भरल्या गेल्या, तासिका यशस्वी झाल्याचे समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी पृष्ठभागाचे पद ऋण का असते असा प्रश्न विचारला असता वर्गात तीच शांतता होती. वहीत सूत्र होते, सूत्रामागील कारण नव्हते. दोष व्याख्यात्याचा नव्हता, विद्यार्थ्यांचाही नव्हता. त्या एका तासापुरता अध्यापकाने आपला अध्यापकपणा सोडून प्रक्षेपक चालविणाऱ्याची भूमिका स्वीकारली होती.

त्यानंतर पद्धती बदलली. सात-आठ मिनिटांचा अंश दाखवावा, थांबावे, पुढे काय येईल हे वर्गाला विचारावे आणि मगच पुढे जावे. अल्फा ऱ्हासाचे उदाहरण घेऊ. थोरियम-२३२ मधून निघणाऱ्या अल्फा कणाची ऊर्जा सुमारे ४ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट व अर्धायुष्यकाल सुमारे १४०० कोटी वर्षे. पोलोनियम-२१२ साठी ऊर्जा सुमारे ८.८ आणि अर्धायुष्यकाल सेकंदाच्या एक कोट्यंश भागाच्या सुमारे तिप्पट. ऊर्जा दुपटीहून थोडी अधिक, पण काळाचे गुणोत्तर १ वर २४ शून्ये या प्रतीचे. हे आकडे फळ्यावर लिहून, गुणोत्तर विद्यार्थ्यांकडून काढून घेऊन, 'असे का?' हा प्रश्न निर्माण झाल्यावर गॅमो यांच्या १९२८ मधील बोगदा-परिणामाच्या स्पष्टीकरणाचे चलचित्र लावले तर विद्यार्थी ते उत्तर म्हणून ऐकतो. प्रश्नाआधी लावले तर तो ते माहिती म्हणून उतरवून घेतो. चलचित्र तेच, परिणाम भिन्न.

पूरक आशयाचीही अशीच गोष्ट. शॉर्ट यांच्या मालेतील अन्न-संस्करणाचा भाग दाखवून झाल्यावर नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'कृषक' या कांदा-संस्करण केंद्राची माहिती द्यावी. तेथेही वू यांच्या प्रयोगातीलच कोबाल्ट-६० वापरले जाते. त्याहून जवळचे उदाहरण आपल्या शेतात आहे. टीएयू-१ हा उडीद व टीएजी-२४ हा भुईमूग ही वाणे भाभा अणुसंशोधन केंद्र व अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून, प्रारणजन्य उत्परिवर्तनांच्या साहाय्याने विकसित झाली आणि अनुक्रमे १९८५ व १९९१ मध्ये प्रसारित झाली. नावातील 'टी' ट्रॉम्बेचा व 'ए' अकोल्याचा. बियाण्याच्या पिशवीवरील या अक्षरांत केंद्रकीय भौतिकी दडली आहे हे शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्यास समजते, तेव्हा विषयाकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलते. हे कोणत्याही परदेशी मालेत सापडणार नाही आणि ते तेथे शोधूही नये.

एक धोरणात्मक चिंता

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी सत्रातील वीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयं' वरून पूर्ण करण्यास मुभा दिली. २०२१ मध्ये ही मर्यादा चाळीस टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली. विद्यार्थ्यांच्या निवडीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु रिक्त पदे व तासिका तत्त्वावरील नेमणुका यांनी ग्रासलेल्या ग्रामीण महाविद्यालयांत या तरतुदीकडे अध्यापकाचा पर्याय म्हणून पाहिले जाण्याचा धोका आहे. केंद्रकीय भौतिकीसारखा विषय, ज्यासाठी तज्ज्ञ अध्यापक मिळणे कठीण, प्रथम पडद्यावर सोपविला जाईल. वरील विवेचन पाहता हे घातक ठरेल. उत्तम माला जेथे अध्यापक आहे तेथे वर्ग समृद्ध करते. जेथे तो नाही तेथे तिचा लाभ केवळ आधीच तयार असलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांना होतो. बाकीचे मागे राहतात आणि ते मागे राहिल्याची नोंदही कोठे होत नाही.

निष्कर्ष व शिफारसी

१) कोणतीही एक माला अभ्यासपत्रिका पूर्णपणे व्यापत नाही. केंद्रकीय भागासाठी वर्मा, मूलकणांसाठी पौलोस व निवडक क्लूटे, प्रारण-आंतरक्रियांसाठी शॉर्ट, उपकरणांसाठी सर्न आणि अध्यापकाच्या स्वाध्यायासाठी ससकिंड अशी वाटणी व्यवहार्य वाटते.

२) बीटा ऱ्हास हा घटक केंद्रस्थानी ठेवून मूलकण भौतिकीचे अध्यापन सत्राच्या मध्यावरच सुरू करावे. त्यामुळे शेवटच्या घाईत त्याचा बळी जाणार नाही.

३) प्रत्येक व्याख्यानाचे मुद्रणवर्ष नोंदवून, त्यानंतरच्या संशोधनाची पुरवणी अध्यापकाने द्यावी.

४) सलग प्रक्षेपण टाळावे, प्रश्न आधी व चलचित्र नंतर हा क्रम पाळावा.

५) एकाच विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन घटकनिहाय पाठ-नकाशा व द्विभाषिक संज्ञासूची तयार करावी. कोणत्या व्याख्यानाचा कोणता अंश कोणत्या तासिकेसाठी, एवढी नोंद जरी सामायिक झाली तरी प्रत्येक अध्यापकाचे अनेक तास वाचतील.

६) मराठीतून पदवीस्तरीय, सलग व समीकरणांसह अशी माला निर्माण होणे ही काळाची गरज आहे. ती तंत्रज्ञान संस्थांच्या मालांची नक्कल नसावी. कृषक, टीएयू-१ व कोलार यांना तीत स्थान असावे.

समारोप

आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ परिसरात, गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. मूलभूत भौतिकी आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही, ती आपल्या वेशीवर येत आहे. ती आली असता आपला विद्यार्थी केवळ प्रेक्षक राहणार की प्रश्न विचारणारा होणार, हे आजच्या वर्गात ठरत आहे. जगातील उत्तम व्याख्याते आज आपल्या वर्गात येण्यास तयार आहेत, ही आपल्या पिढीला लाभलेली संधी होय. त्यांना कधी बोलवावे, कोठे थांबवावे आणि त्यांच्यानंतर काय बोलावे, हे ठरविणारा अध्यापक मात्र वर्गात उभा असला पाहिजे.